कुंडीतल्या झाडांना पाणी: एका वेळी किती द्यायचं आणि कितीदा द्यायचं?

पानोपानी

नमस्कार मंडळी, घरात आता बऱ्यापैकी कुंड्या जमल्यात, मनीप्लांट, मॉन्स्टेरा, पीस लिली, स्नेक प्लांट, एक अरेका पाम. पाण्याबद्दल जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय म्हणून सरळ इथे विचारते.

मनीप्लांटच्या एकाच वेलाची दोन कटिंग्ज एकाच दिवशी लावली होती. कुंड्या सारख्या, सहा इंची प्लास्टिकच्या, मिक्स पण तेच, अर्धी बागेतली माती आणि अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)-गांडूळखत. एक खिडकीत ठेवली, दुसरी आतल्या खोलीत शेल्फवर. दोघींना पाणी अगदी सारखं, दिवसाआड एक पेला. खिडकीतली मस्त चाललीये, प्रत्येक नवीन पान आधीच्यापेक्षा मोठं. शेल्फवरचीची आधी खालची पानं पिवळी पडली, मग जे नवीन पान आलं ते आधीच्यापेक्षा लहान आणि फिकट, आणि आता सगळीच पानं मऊ पडून लोंबायला लागलीत. बोट घालून बघितलं तर माती ओली लागते. पाणी असून झाड कोमेजलेलं कसं काय?

त्यात पीस लिलीचं वेगळंच, ती मधेच पूर्ण मान टाकते, पाणी दिलं की काही तासांत परत ताठ. काहीजण म्हणतात तिला तसंच करायचं, मान टाकली की पाणी द्यायचं, ती स्वतःच सांगते. काहीजण म्हणतात रोज थोडं थोडं दे, काही म्हणतात आठवड्यातून एकदाच पण भरपूर.

तर प्रश्न असा की वाढीवर खरा परिणाम कशाचा होतो, एका वेळी किती पाणी दिलं त्याचा की दोन पाण्यांमधे किती अंतर ठेवलं त्याचा? आणि ठरावीक वेळापत्रक असं काही असतं का?

मुळाक्षर

तुमच्या दोन कुंड्यांनी अर्धं उत्तर दिलेलंच आहे. पाणी सारखं दिलंत, पण दोन्ही झाडांनी ते सारखं वापरलं नाही. झाड जे पाणी ओढतं त्यातलं बहुतेक सगळं पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन जातं आणि ती छिद्रं मुख्यतः उजेडात उघडतात. खिडकीत भरपूर उजेड, झाड जोरात अन्न बनवतं, पाणी भराभर ओढतं, दोन दिवसांत कुंडी बऱ्यापैकी वाळते. शेल्फवर उजेड कमी, आणि किती कमी ते आपल्या डोळ्यांना कळतच नाही, कारण डोळे लगेच सरावतात. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलं की उजेड खिडकीजवळच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली जाऊ शकतो. अशा ठिकाणी झाड पाणी वापरतच नाही फारसं, कुंडी ओलीच राहते आणि त्या ओल्या कुंडीत पुढचा पेला पडतो.

आता मुळांकडे बघा, कारण सगळा खेळ तिथे आहे. मुळं श्वास घेतात, त्यांना प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. पाणी घातलं की त्या पोकळ्या भरतात, निचरा झाला की मोठ्या पोकळ्या रिकाम्या होतात आणि हवा आत येते. पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा साधारण १०,००० पट हळू पसरतो, म्हणजे पोकळ्या भरलेल्या राहिल्या तर मुळांपाशी हवा पोचणं जवळजवळ बंदच. मुळं गुदमरली की त्यांची पाणी आत घेण्याची ताकदच कमी होते, मग माती ओली असून वर पानांना पाणी मिळत नाही आणि झाड मान टाकतं. तुमच्या शेल्फवरच्या वेलाचं हेच चाललंय असं मला वाटतं. आणि इथे घात होतो तो असा की कोमेजलेलं झाड बघून माणूस आणखी पाणी घालतो. मग पिथियम, फायटोफ्थोरा असले मूळकुज करणारे जीव, जे पाणथळ मातीतच फोफावतात, ते उरलेलं काम करतात.

म्हणून 'पाणी जास्त झालं' याचा अर्थ बहुतेक वेळा 'फार लवकर लवकर दिलं' असा असतो. तीच कुंडी नळाखाली धरून पाच पेले ओतलेत तरी बुडाला भोकं असतील तर माती धरेल तेवढंच धरेल, बाकीचं खालून निथळून जाईल, झाडाला काही होणार नाही. पण हवा आत शिरायच्या आधीच पुढचं पाणी, मग त्याच्या पुढचं, असं चालू राहिलं तर ते अर्धा पेला असलं तरी जास्तच.

आणि रोज थोडं थोडं हा सल्ला मला तर सगळ्यात घातक वाटतो. वरचा थर कायम ओला, त्यात ती बारीक काळी चिलटं अंडी घालतात. चांगल्या उजेडातल्या झाडाच्या बाबतीत खालच्या मुळांपर्यंत पाणी पोचतच नाही, मुळं वरच्या थरातच घुटमळतात. अंधारातल्या झाडाच्या बाबतीत उलटं, थोडं थोडं करत तळाशी साठत जातं. शिवाय खालून कधीच पाणी निघालं नाही की खतातले आणि पाण्यातले क्षार कुंडीतच साचतात, मातीवर, कुंडीच्या काठावर तो पांढरा थर दिसतो ना तो तोच, आणि पानांची टोकं करपायला लागतात.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पूर्ण निचरा झाला तरी कुंडीच्या तळाशी एक गच्च ओला थर राहतोच. तो किती जाड ते मिक्स किती बारीक आहे त्यावर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. घरी करून बघा, भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा, गळायचं थांबलं की हळूच उभा करा, परत पाणी गळायला लागेल. उथळ पसरट कुंडी म्हणजे आडवा स्पंज. म्हणून तेच मिक्स उथळ कुंडीत जास्त ओलं राहतं. आणि तळाशी खडे घातले की निचरा चांगला होतो हा समज पण सोडून द्या, तो ओला थर खड्यांच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा सुधारायचा असेल तर पूर्ण मिक्समधेच पर्लाइट (ते हलके, सच्छिद्र पांढरे दाणे), झाडाच्या सालीचे तुकडे, जाड रेती असं काहीतरी मिसळावं लागतं.

मी काय करतो ते सांगतो. द्यायचं तेव्हा सगळी माती भिजेल आणि बुडातून चांगलं पाणी निघेल इतकं, हळूहळू, गोल फिरवत. अर्ध्या तासाने बशीतलं पाणी ओतून टाकायचं. मग बघायचंच नाही तिच्याकडे, जोपर्यंत वजन उतरत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर एकदा करून बघा. समजा निथळल्यावर कुंडी भरली २ किलो १०० ग्रॅम, आणि माती वरून खाली बऱ्यापैकी वाळलेली असताना भरली दीड किलो, म्हणजे ६०० ग्रॅम पाणी त्या झाडाच्या हातात आहे. त्यातलं अर्ध्याच्या वर गेलं, काटा १ किलो ८०० च्या खाली आला की परत पाणी. थोड्या दिवसांनी काटा लागत नाही, उचलली की हातालाच कळतं. वेळापत्रक फक्त 'उचलून बघायचं' याचं ठेवा, पाण्याचं नको. हवा ढगाळ असेल, थंडी असेल, तर तेच झाड तेवढंच पाणी दुप्पट दिवस पुरवतं.

वातीवरची_बाग

मुळाक्षर यांच्या बऱ्याच गोष्टी पटतात पण 'वाळू द्या, मग पाणी द्या' हे वाचून लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि मला तीच काळजी जास्त वाटते. हल्ली सगळीकडे 'जास्त पाण्याने झाड मरतं' एवढंच सांगतात, त्यामुळे किती तरी घरांत झाडं मरत नाहीत पण वाढतही नाहीत, वर्षानुवर्षं तेवढीच.

पान मोठं होतं ते पेशी फुगून, आणि पेशी फुगते ती आतल्या पाण्याच्या दाबाने. पाणी कमी पडायला लागलं की सगळ्यात आधी हे पसरणं मंदावतं, अन्न बनवणं त्याच्या नंतर आणि मान टाकणं तर फारच नंतर. म्हणजे झाड बाहेरून अगदी ठणठणीत दिसत असताना नवीन पान मात्र कमी पसरलेलं असतं, आणि एकदा का ते पान पिकलं, कडक झालं की मग कितीही पाणी द्या, ते तेवढंच राहणार. मॉन्स्टेराचं कोवळं पान उलगडत असताना कुंडी कोरडी पडली तर ते कसं आखडून अर्धवट उलगडतं ते ज्याने बघितलंय त्याला कळेल मी काय म्हणतोय.

म्हणूनच पीस लिलीचं 'मान टाकली की पाणी द्या' मला अजिबात मान्य नाही. ती परत ताठ होते हे खरं, पण प्रत्येक वेळी मुळांवरचे नाजूक केस वाळतात, खालची एक-दोन पानं पिवळी होतात, वाढ थांबते ती थांबतेच. पानोपानी ताई, तिला मान टाकायच्या थोडं आधी पाणी द्या, बारकाईने बघितलंत तर पानांची चमक जरा कमी होते आणि देठ किंचित फाकतात, ती वेळ. महिनाभर असं करून बघा आणि पानांच्या आकारातला फरक बघा.

दुसरं म्हणजे कायम ओलं म्हणजे वाईटच असं नाही. माझी बरीचशी झाडं वातीवर आहेत, कुंडीच्या भोकातून नायलॉनची दोरी खालच्या डब्यातल्या पाण्यात सोडलेली, झाडाला लागेल तसं पाणी वर चढतं. माती कधी पूर्ण वाळत नाही तरी मुळं पांढरीशुभ्र, कारण मिक्समधे अर्ध्याच्या वर पर्लाइट आणि साल आहे, ओल आहे आणि हवाही आहे. बागेतल्या मातीत वात लावली असती तर चिखलच झाला असता. तेव्हा माझं म्हणणं एवढंच की अंतर किती ठेवायचं हे मिक्सवर ठरतं. चिकट मातीत थांबावं लागतं, भुसभुशीत मिक्समधे फार थांबलात तर तुमचंच नुकसान.

आणि हो, पीट (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा) असलेलं मिक्स एकदा ठार वाळलं की ते पाणी झटकायला लागतं. वरून ओतलेलं पाणी मातीचा गोळा आणि कुंडीची भिंत यांच्या फटीतून सरळ खाली, तुम्हाला वाटतं भरपूर दिलं, बुडातून निघालं, आणि आत गोळा कोरडा. अशा वेळी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबले की काढायची.

मुळाक्षर

@वातीवरची_बाग, मान्य, म्हणूनच मी अर्ध्याच्या वर म्हटलं, पूर्ण वाळवा असं नाही. पण पानोपानी ताईंच्या मिक्समधे अर्धी बागेची माती आहे, कुंडीत ती दाबून बसते, तिथे अजून तरी थांबणंच बरं.

शेताकडून_घरात

आमच्याकडे शेतात जमिनीला वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीचं पाणी उतरून मातीत ओल आणि हवा दोन्ही आल्याशिवाय, पुढचं पाणी देत नाहीत, कुंडीतही तेच धरून चाला. फक्त कुंडीत वाफसा वरून दिसत नाही, वर कोरडं आणि खाली लगदा असं खूपदा असतं. लाकडाची बारीक काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा, कुठपर्यंत काळी आणि ओली आहे ते बघा आणि तिचा वास घ्या. आंबूस किंवा नासल्यासारखा वास आला तर खाली मुळं कुजायला लागलीत, पानं काहीही सांगोत. स्वस्तातली ओलावा मापायची सुई घेऊ नका, ती खरं तर मातीतून वीज किती वाहते ते मोजते, खत जास्त असलं की 'ओलं' दाखवते आणि मिक्स जाडं असलं की 'कोरडं'.

रंगपर्णी

सगळ्या झाडांना एकच माप लावू नका ही माझी कळकळीची विनंती. स्नेक प्लांट आपली छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, पानांत पाणी साठवतं, त्याचं पाणी खर्चच होत नाही फारसं, ते पूर्ण तळापर्यंत वाळू द्या आणि कमी उजेडात असेल तर त्यानंतरही थोडं थांबा. झीझी प्लांटच्या तर मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, तेही तसंच. दिवसाआड पेला हा स्नेक प्लांटला पण चालू असेल तर तो आजच बंद करा.

याच्या उलट कॅलेथिया, मरांटा, फर्न. ही जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत पालापाचोळ्यात वाढणारी, यांची मुळं बारीक, यांना कोरडं सोसत नाही, वरचा बोटभर थर सुकला की द्यायचं. यांच्या बाबतीत पाण्याच्या मापाइतकाच पाण्याचा प्रकार महत्त्वाचा आहे. कडा तपकिरी होतात ना, त्याला नळाच्या पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड बरेचदा कारण असतं. पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडून जातो, क्षार आणि फ्लोराइड नाही जात, ते तिथेच राहतात. पावसाचं पाणी मिळालं तर सोनं, नाहीतर महिन्यातून एकदा कुंडीच्या आकाराच्या दोन-तीन पट पाणी वरून सोडून माती धुवून काढायची आणि पूर्ण निथळू द्यायची.

ऑर्किड कुणाकडे असेल तर तिची मुळंच सांगतात, कोरडी असली की चंदेरी करडी, ओली झाली की हिरवी. फॅलेनॉप्सिस, म्हणजे घरात बहुतेक दिसतं ते ऑर्किड, हे दुसऱ्या झाडांच्या सालीवर, उघड्या हवेत वाढणारं झाड आहे, त्याला मातीत घालणं म्हणजे मारणंच.

मॉन्स्टेराच्या पानांच्या टोकांवर सकाळी पाण्याचे थेंब दिसतात, ते बघून घाबरू नका. रात्री पानांतून वाफ कमी जाते आणि मुळं पाणी वर ढकलत असतात, ते टोकाशी बाहेर येतं. काच किंवा फर्निचर खाली असेल तर पुसून घ्या एवढंच.

पानोपानी

इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. आत्ता उठून शेल्फवरच्या कुंडीत काडी घालून बघितली, वरचे दोन इंच ठीक आहेत पण खालचा अर्धा भाग नुसता लगदा आणि वास येतोय.

दोन प्रश्न राहिले. एक म्हणजे आता या वेलाचं काय करू, नुसतं पाणी बंद केलं तर सुधारेल का? आणि दुसरा कधीपासून डोक्यात आहे, हाच मनीप्लांट पाण्याच्या बाटलीत महिनोन्महिने जगतो, मुळं पाण्यातच असतात, मग ओल्या मातीत तीच मुळं कुजतात कशी?

मुळाक्षर

दुसरा आधी घेतो कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

बाटलीत कटिंग ठेवलं की जी मुळं फुटतात ती पाण्यातच जन्मलेली असतात आणि पाण्यातला थोडासा विरघळलेला प्राणवायू त्यांना पुरतो, मनीप्लांट त्या बाबतीत काटक आहे. बाटलीतलं पाणी स्वच्छ असतं, त्यात प्राणवायू खाणारं फारसं काही नसतं, वरून हवा लागते आणि आपण अधूनमधून पाणी बदलतो, ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू परत येतो. ओल्या मातीत मात्र गांडूळखत आहे, कुजणारा पालापाचोळा आहे, त्यावर जगणारे अब्जावधी जिवाणू आहेत, आणि जो काही प्राणवायू पाण्यात असतो तो ते आधी संपवतात. तिथली मुळं मातीतल्या हवेच्या भरवशावर वाढलेली असतात, हवा गेली की ती दमतात, मरतात, आणि मेलेल्या मुळांवर कुजवणारे जीव चढतात. म्हणजे पाणी दोन्हीकडे आहे, प्राणवायू एकीकडे आहे आणि एकीकडे नाही. बाटलीतलं पाणी कधीच न बदलता हिरवंगढूळ होऊ दिलंत तर तिथेही मुळं तपकिरी होतात ते याचमुळे.

आता तुमचा वेल. वास येतोय म्हणजे नुसतं पाणी बंद करून भागणार नाही, तो लगदा कमी उजेडात वाळायला आठवडे लागतील. कुंडीतून काढा, माती हलक्या हाताने झटका, साध्या पाण्याखाली मुळं धुवा. पांढरी किंवा फिकट, दाबल्यावर टणक लागतात ती जिवंत. तपकिरी, मऊ, चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निघून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो ती मेलेली, ती स्वच्छ कात्रीने कापून टाका. मग उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच कुंडी घ्या. चार मुळं उरली असतील तर सहा इंची कुंडीत परत घालू नका, तेवढी माती ओली राहील आणि ओढायला कुणी नसेल, चार इंची पुरे. मिक्समधे बागेची माती अजिबात नको, कोकोपीट, पर्लाइट आणि सालीचे तुकडे साधारण सारखे घ्या. एकदा पूर्ण भिजवा, निथळू द्या, खिडकीपासून जवळ ठेवा पण थेट कडक ऊन नको, मुळं कमी आहेत तेवढं पाणी ती पुरवू शकणार नाहीत. खत नवीन पान येईपर्यंत नाही.

मुळं सगळीच गेली असतील तर हिरव्या टणक खोडाचे दोन-दोन गाठींचे (जिथून पान फुटतं ती गाठ) तुकडे करा, खालची एक गाठ पाण्यात राहील असे बाटलीत लावा. मुळं बोटभर झाली की मातीत हलवा, फार लांब होईपर्यंत थांबू नका, पाण्यातली मुळं जितकी जुनी तितकी मातीला जड जातात. आणि मातीत लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तेवढे मिक्स जरा ओलसर ठेवा, एकदम वाळू देऊ नका, त्या मुळांना कोरड्याची सवय नसते. मग हळूहळू अंतर वाढवत न्या.

वातीवरची_बाग

आणि तो वेल परत शेल्फवरच ठेवायचा असेल तर वर एक साधा पांढरा एलईडी दिवा झाडापासून फूटभर अंतरावर लावा, दिवसाचे १२ तास. पाणी ओढायला लागेल ते.

पानोपानी

काढला बाहेर. वरच्या बाजूची पाच-सहा मुळं टणक आहेत, खालची सगळी साल सुटणारी. चार इंची कुंडी आहे घरात, पर्लाइट आणि साल उद्या आणते, तोपर्यंत मुळं ओल्या कापडात गुंडाळून ठेवली तर चालेल का?

मुळाक्षर

चालेल, कापड पिळून घ्या, ओलसर हवं, थबथबलेलं नको. किंवा सरळ स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा ठेवा, एक रात्र काही होत नाही.

रंगपर्णी

स्नेक प्लांटची कुंडी पण उचलून बघा हो आजच, मऊ पडलंय का बुडाशी.

पानोपानी

बघितलं, बुडाशी टणक आहे अजून. पण कुंडी चांगलीच जड आहे. पाणी बंद केलं आणि खिडकीकडे सरकवली.

रंगपर्णी

छान. काडी तळापर्यंत कोरडी निघेपर्यंत हात लावू नका तिला.